नेमणूकपत्राने थांबलेला खटला

19 एप्रिल 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बाबरी मशीद पाडल्याच्या प्रकरणात लालकृष्ण अडवाणी, मुरली मनोहर जोशी, उमा भारती आणि इतरांवरचा कटाचा आरोप पुन्हा उभा केला. रायबरेलीचा खटला लखनौच्या विशेष न्यायालयात न्या, रोज सुनावणी घ्या, दोन वर्षांत निकाल द्या, असं न्या. पिनाकीचंद्र घोष आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी बजावलं. एका आरोपीला मात्र बाजूला ठेवावं लागलं. 6 डिसेंबर 1992 रोजी उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री असलेले कल्याणसिंह 2017 मध्ये राजस्थानचे राज्यपाल होते. ते त्या पदावर आहेत तोवर त्यांच्यावर आरोपनिश्चिती करता येणार नाही, पद सुटताच करावी, असं न्यायालयाने लिहिलं. न्यायालयाला दुसरं काही लिहिता येण्याजोगं नव्हतंच. संविधानाच्या 361व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड सांगतो की राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या पदावधीत त्यांच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात कोणतीही फौजदारी कार्यवाही सुरू करता येणार नाही, आणि आधीपासून चालू असलेली पुढेही नेता येणार नाही.

यातला दुसरा भाग मला मान्य नाही. पदावर येण्याआधी केलेल्या किंवा केल्याचा आरोप असलेल्या कृत्यांना हे संरक्षण लागू होणं हा कायद्याच्या राज्याला लागलेला कलंक आहे, आणि तो पुसायला हवा.

या खंडाच्या बाजूने बोलणाऱ्यांत माझ्या आदराची माणसंही आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. ते म्हणतात, पद हे व्यक्तीपेक्षा मोठं असतं. राज्यपाल हा राज्याचा घटनात्मक प्रमुख; तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर मान खाली जाते ती राज्याची. शिवाय तारखांना हजर राहण्यात त्याचं काम अडेल. राजकीय विरोधक जुनी प्रकरणं उकरून काढतील. आणि एवढं सगळं असून हे संरक्षण काही कायमचं नाही. पद सुटलं की खटला पुन्हा उभा राहतोच, मग न्यायाचं बिघडलं काय?

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढतो. पदावर असताना केलेल्या कृत्यांचं काय, हा निराळा आणि अवघड प्रश्न आहे. पश्चिम बंगालच्या राज्यपालांविरुद्धच्या तक्रारीनंतर जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खंडाच्या व्याप्तीबद्दल नोटिसा काढल्या, त्या अशाच प्रश्नावर. त्यावर मी इथे बोलत नाही. माझं म्हणणं पदग्रहणाच्या आधीच्या काळापुरतं आहे, आणि त्या काळाबाबत वरचा एकही युक्तिवाद उभा राहत नाही.

प्रतिष्ठेपासून सुरुवात करू, कारण हा युक्तिवाद खोडायला संविधानाबाहेर जावं लागत नाही. त्याच 361व्या अनुच्छेदाचा चौथा खंड फारसा कुणी वाचत नाही. तो दिवाणी दाव्यांबद्दल आहे. राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांनी वैयक्तिक नात्याने केलेल्या कृत्याबद्दल, मग ते पदग्रहणापूर्वीचं असो वा नंतरचं, त्यांच्यावर पदावधीतच दिवाणी दावा लावता येतो. अट एवढीच, की दाव्याचं कारण, पक्षकाराचं नाव-पत्ता आणि मागणी लिहून दोन महिन्यांची नोटीस द्यायची. म्हणजे राज्यपालांनी दहा वर्षांपूर्वी कुणाचे पैसे घेऊन बुडवले असतील, तर तो सावकार राजभवनात नोटीस पाठवून दोन महिन्यांनी न्यायालयात जाऊ शकतो. जमिनीचा व्यवहार मोडला असेल, तर ठरलेला खरेदीदार जाऊ शकतो. त्याने पदाचा अपमान होत नाही, काम अडत नाही, राज्याची मान खाली जात नाही. मात्र त्याच माणसावर दहा वर्षांपूर्वीच्या खुनाचा, बलात्काराचा, लाच घेतल्याचा आरोप असेल, तर न्यायालयाने हात बांधून बसायचं. पैसे बुडालेल्याला दाद आणि मुलगा गमावलेल्या आईला प्रतीक्षा, ही उतरंड ज्यांना पटते त्यांनी ती त्या आईपुढे उभं राहून समजावून सांगावी. संविधानकर्त्यांनी पदग्रहणापूर्वीच्या कृत्यांचा स्वतंत्र विचार केला होता, हे चौथ्या खंडाच्या शब्दांतच दिसतं. दुसऱ्या खंडात तो विचार पोहोचला नाही.

काम अडण्याचा मुद्दा तर मला समजतच नाही. या देशात सगळ्यांत जास्त काम असलेली घटनात्मक पदं कोणती? पंतप्रधानाचं आणि मुख्यमंत्र्याचं. त्या दोघांनाही फौजदारी खटल्यापासून संविधानाने कणभर संरक्षण दिलेलं नाही. कारखान्यांपासून कायदा-सुव्यवस्थेपर्यंत रोज निर्णय घेणाऱ्या माणसाला न्यायालयात उभं करता येतं, आणि बहुतांश बाबतींत मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालणाऱ्या पदाला मात्र वेळ नाही म्हणून सूट, हे तर्काला धरून नाही.

आणि हा नुसता तर्काचा प्रश्न नाही, देशाने ते घडताना पाहिलं आहे. जयललितांवरचा बेहिशेबी मालमत्तेचा खटला त्यांच्या 1991 ते 1996 या पहिल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातला. पुढे त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा त्यांच्याच सरकारच्या हाताखाली फिर्यादी पक्ष ढिला पडतोय हे पाहून नोव्हेंबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला चेन्नईतून बंगळुरूला हलवला. 27 सप्टेंबर 2014 रोजी विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली तेव्हाही त्या मुख्यमंत्री होत्या. चार वर्षं कैद, 100 कोटी रुपये दंड, आमदारकी गेली, पदही गेलं. तमिळनाडू बुडालं नाही. ओ. पनीरसेल्वम यांचा शपथविधी झाला आणि सचिवालय दुसऱ्या दिवशी उघडलं.

आपल्याकडचं पाहा. सुनील केदार 2019 ते 2022 या काळात महाराष्ट्राचे पशुसंवर्धनमंत्री होते, आणि नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे खरेदीचं त्यांच्यावरचं प्रकरण 2002चं, ते बँकेचे अध्यक्ष असतानाचं. मंत्रिपदामुळे खटला बंद पडला नाही. 22 डिसेंबर 2023 रोजी त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. माणिकराव कोकाटे यांच्यावरचा आरोप 1990च्या दशकातल्या, मुख्यमंत्री कोट्यातून मिळालेल्या नाशिकच्या सदनिकांचा. 20 फेब्रुवारी 2025 रोजी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांनी दोन वर्षांची शिक्षा दिली तेव्हा ते राज्याचे कृषिमंत्री होते. त्यावर अपील झालं, स्थगिती मिळाली, लढाई वरच्या न्यायालयांत गेली. ते सारं कायद्याच्या वाटेने. मला इथे एवढंच दाखवायचं आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला दंडाधिकारी विद्यमान मंत्र्याच्या जुन्या कृत्यावर निकाल देऊ शकतो. तोच आरोपी समजा मंत्रालयाऐवजी राजभवनात असता, तर त्या दंडाधिकाऱ्याला कागदाला हात लावता आला नसता.

महाराष्ट्राचं नाव निघालंच आहे, तर या वादातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निकाल इथूनच गेलेला आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले जून 1980 ते जानेवारी 1982 मुख्यमंत्री होते. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला देणग्या घेऊन सिमेंटचं वाटप केल्याच्या आरोपाचं प्रकरण ज्यांनी त्या काळी वर्तमानपत्रांत वाचलं, त्यांच्या ते अजून लक्षात असेल. मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. रामदास नायक यांनी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद केली. मुख्यमंत्रिपद गेलं असलं तरी अंतुले आमदार होते. बचावाचा मुद्दा असा आला की आमदारही लोकसेवकच, तेव्हा आमदाराला पदावरून दूर करू शकणाऱ्याची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालयाला या फिर्यादीची दखल घेता येणार नाही.

16 फेब्रुवारी 1984 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे फेटाळलं. न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा साधा आहे. पूर्वमंजुरीचं संरक्षण त्या पदाला असतं ज्याचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे. ते पद सुटलं असेल आणि आरोपी आता दुसऱ्याच पदावर असेल, तर नव्या पदाचा जुन्या कृत्याशी संबंध नाही. न्यायालयाने एक उदाहरणही घेतलं. समजा एखादा माणूस एकाच वेळी डझनभर सार्वजनिक पदांवर आहे आणि गैरवापर केला तो त्यातल्या एकाचा. बचावाचं म्हणणं मानलं तर उरलेल्या अकरा पदांच्या अकरा अधिकाऱ्यांची मंजुरी मागत फिरावं लागेल. पुढे न्यायालयाने धोक्याची खूण केली ती अशी: आरोपीला वाचवू पाहणारा कुणी त्याला एका पदावरून उचलून दुसऱ्या पदावर बसवील, आणि कायद्याची प्रक्रिया तिथेच थांबेल.

हे 1984 मध्ये लिहिलं गेलं. 1988 मध्ये सात न्यायाधीशांनी त्या खटल्याच्या वर्ग होण्याबाबतचा आदेश बदलला, पण जुन्या कृत्याला नव्या पदाचं छत्र मिळत नाही हे तत्त्व टिकलं. डिसेंबर 2006 मध्ये प्रकाशसिंह बादल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. आमदार, खासदार, मंत्री, सचिव, तलाठी, सगळ्यांसाठी हा नियम झाला. जो धोका न्यायालयाने इतरांच्या बाबतीत ओळखून दूर ठेवला, तोच 361(2) मध्ये उघडपणे बसलेला आहे. ज्यांना अंतुले निकाल योग्य वाटतो, आणि गेल्या चाळीस वर्षांत तो चुकीचा होता असं म्हणणारा जाणकार मला तरी भेटलेला नाही, त्यांनी राज्यपालासाठी वेगळा न्याय का, हे सांगायला हवं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. राज्यपाल निवडून येत नाही. लोकांनी सगळं माहीत असून मत दिलं, जनादेशाचा मान राखा, असं मंत्र्याबद्दल म्हणणारे म्हणतात. मला तेही पटत नाही, पण निदान तो एक युक्तिवाद आहे. राज्यपालाला तर 155व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपती नेमतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार नेमतं. तोपर्यंत त्याच्यावर खटला चालू असेल, तर नेमणुकीबरोबर तो थांबतो. पद 156व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपतींच्या मर्जीने टिकतं. म्हणजे खटला कधी थांबणार आणि कधी पुन्हा सुरू होणार, या दोन्हींची किल्ली कार्यकारी सत्तेच्या खिशात.

सरकारला एखादा खटला मागे घ्यायचा असेल तर एरवी काय करावं लागतं? सरकारी वकिलाने स्वतःची बुद्धी वापरून अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची. संमती नाकारता येते, नाकारली गेलेली आहे. राज्य सरकारं आपल्या पक्षाच्या लोकप्रतिनिधींवरचे खटले परस्पर काढून घेतात हे पाहून 10 ऑगस्ट 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक कुलूप लावलं: आजी-माजी खासदार-आमदारांवरचा कोणताही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. एवढा बंदोबस्त एका दारावर. दुसऱ्या दारातून मात्र नेमणुकीचा कागद आत येतो आणि कुठल्याही न्यायाधीशाला न विचारता खटला पाच वर्षं बाजूला पडतो. पाच वर्षं तरी कशावरून? उत्तराधिकारी येईपर्यंत राज्यपाल पदावर राहतो, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली होऊ शकते, पुन्हा नेमणूक होऊ शकते. संविधानात कमाल मुदत कुठेच नाही.

कल्याणसिंह यांच्याबद्दल इथे न्यायाने बोललं पाहिजे. सप्टेंबर 2014 मध्ये ते जयपूरच्या राजभवनात गेले तेव्हा त्यांच्यावर या प्रकरणात खटला चालू नव्हता. 2001 मध्ये विशेष न्यायालयाने आणि 2010 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना वगळलं होतं. पण त्याविरुद्ध सीबीआयचं अपील सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होतं. याच घटनेतून उद्भवलेल्या अवमान प्रकरणात, न्यायालयाला दिलेला शब्द पाळला नाही म्हणून, ऑक्टोबर 1994 मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना एक दिवसाची कैद आणि 2000 रुपये दंड केला होता. हे सगळं नेमणूक करणाऱ्यांना ठाऊक होतं. सीबीआय ज्या केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते त्याच सरकारने ही नेमणूक केली. एका हाताने अपील लढवायचं आणि दुसऱ्या हाताने प्रतिवादीला अपिलाच्या निकालापलीकडे नेऊन बसवायचं, ही स्थिती कोणत्याही पक्षाच्या सरकारसाठी मोहाची आहे. कुणाचा हेतू काय होता हे मला ठरवायचं नाही. हेतू शुद्ध असला तरी परिणाम तोच झाला, आणि कायद्याने तो होऊ द्यायला नको होता.

सप्टेंबर 2019 मध्ये त्यांचं पद सुटलं, त्याच महिन्यात आरोपनिश्चिती झाली आणि 30 सप्टेंबर 2020 रोजी सर्व 32 आरोपींसह ते निर्दोष ठरले. इथे समर्थक विजयी स्वरात विचारतात, मग बिघडलं काय? सुटलेच ना ते!

बिघडलं ते असं. ज्याला निर्दोष ठरायचं आहे त्यालाही लवकर ठरण्याचा हक्क आहे. डोक्यावर टांगता आरोप घेऊन राज्याचं प्रमुखपद भूषवणं हा पदाचा मोठा अपमान. आणि फिर्यादी पक्षाचं काय? मूळ आरोपी 49 होते, निकालापर्यंत त्यातले 17 वारले. 351 साक्षीदार तपासले गेले. इतक्या मोठ्या खटल्यात एक आरोपी दोन-अडीच वर्षं बाहेर राहतो तेव्हा त्याच्याविरुद्धचा साक्षीपुरावा त्याच्या गैरहजेरीत नोंदला जातो. तो आत आल्यावर त्याला उलटतपासणीची संधी द्यावी लागते, साक्षीदार पुन्हा बोलवावे लागतात. 1992च्या घटनेचा साक्षीदार 2019 मध्ये किती आठवणीने बोलेल? आपल्या फौजदारी न्यायालयांत उशीर हा नेहमी एकाच बाजूला झुकतो. वर्षं जातात तसे साक्षीदार वारतात, गाव सोडतात, फिततात, कागद गहाळ होतात. आरोपीच्या वकिलाला फक्त वाट पाहायची असते.

तात्पुरत्या संरक्षणाचं समर्थन करताना फ्रान्सचा दाखला हमखास दिला जातो. तो दाखला मी आनंदाने घेतो. जाक शिराक 1977 ते 1995 पॅरिसचे महापौर होते. पक्षाच्या कार्यकर्त्यांना नगरपालिकेच्या पगारावर खोट्या नोकऱ्या दिल्याचा आरोप त्या काळातला. 1995 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. ऑक्टोबर 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च अपिली न्यायालयाने सांगितलं की पदावर असेपर्यंत खटला नाही, मुदतीची गणनाही तोवर थांबेल. कागदावर न्यायाचं काहीच नुकसान नाही. प्रत्यक्षात शिराक 2007 मध्ये पायउतार झाले आणि 2011 मध्ये खटला उभा राहिला तोवर त्यांची स्मृती इतकी क्षीण झाली होती की न्यायालयाला त्यांना हजेरीतून सूट द्यावी लागली. 15 डिसेंबर 2011 रोजी दोन वर्षांची निलंबित शिक्षा झाली. मुदत थांबवता येते, माणसाचं वय थांबवता येत नाही. आपल्या जयललितांचंच घ्या: फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायालयाचा निकाल कायम केला, पण त्या डिसेंबर 2016 मध्ये गेल्या होत्या आणि त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं होतं. संरक्षण नसतानाही ही गत, तर संरक्षण असताना काय होईल?

उरला खोट्या खटल्यांच्या पुराचा मुद्दा. ही भीती मी खोटी मानत नाही. या देशात तक्रार हे हत्यार म्हणून वापरलं जातं हे खरं आहे. पण याची सर्वांत जास्त झळ कुणाला बसू शकते? न्यायाधीशांना. प्रत्येक निकालात एक पक्ष हरतो आणि चिडतो. त्यांचं स्वातंत्र्य जपणं राज्यपालाच्या सोयीपेक्षा कितीतरी मोलाचं. तरीही मद्रास उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती के. वीरास्वामी यांच्या प्रकरणात जुलै 1991 मध्ये घटनापीठाने न्यायाधीशांना संपूर्ण अभय दिलं नाही. राष्ट्रपतींची मंजुरी आणि सरन्यायाधीशांचा सल्ला ही चाळणी लावली. चाळणी ठेवा, कुणाचा विरोध आहे? पदग्रहणापूर्वीच्या कृत्याबद्दल नवी फिर्याद आली तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय दखल घेऊ नये, अशी अट घाला. अटक होऊ नये असं सांगणारा तिसरा खंडही राहू द्या. आरोपीची प्रत्यक्ष हजेरी माफ करण्याचा अधिकार साध्या दंडाधिकाऱ्यालाही आहे, तो वापरा. आणि जो खटला नेमणुकीच्या आधीच न्यायालयात उभा आहे, त्याला तर पदावरच्या माणसाला छळण्यासाठी दाखल केलेला म्हणताच येत नाही. तो दाखल झाला तेव्हा तो माणूस पदावर नव्हता. पुराच्या भीतीने विहिरीला झाकण घालता, तर घाला. आधीपासून भरलेलं पाणी कुठे जाणार?

अमेरिकेचा दाखला देऊन एक अधिक धारदार आक्षेप घेतला जातो. 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की बिल क्लिंटन आर्कान्सासचे गव्हर्नर असतानाच्या कृत्याबद्दलचा दिवाणी दावा ते राष्ट्राध्यक्ष असतानाही चालू शकतो. राष्ट्राध्यक्षाचा फारसा वेळ जाणार नाही, असा न्यायालयाचा अंदाज होता. दोन वर्षांच्या आत महाभियोग उभा राहिला आणि सारा देश त्यात अडकला. पाहा, म्हणतात समर्थक, एका जुन्या दाव्याने काय केलं! हा आक्षेप मी हलका मानत नाही, पण त्याचं कारण चुकीच्या जागी शोधलं जातं. महाभियोग जुन्या दाव्यातून आला नाही, शपथेवर दिलेल्या जबाबातून आला. शपथेवर खरं बोलणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला त्या दाव्याने इतकं अडकवलं नसतं. शिवाय जुलै 2024 मध्ये ट्रम्प यांच्या प्रकरणात तिथल्या न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांना फार मोठं संरक्षण दिलं, त्यावर जगभर टीका झाली, मीही त्या टीकेशी सहमत आहे. पण तेही संरक्षण अधिकारपदाच्या नात्याने केलेल्या कृत्यांपुरतंच आहे. पदावर येण्याआधीच्या कृत्यांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. आपला 361(2) त्याच्याही पुढे जातो.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने 130वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं. पाच वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या आरोपाखाली सलग 30 दिवस कोठडीत राहिलेला मंत्री, मुख्यमंत्री, पंतप्रधान पदावरून जावा, असं ते सांगतं. मी त्या विधेयकाच्या विरोधात आहे, कारण अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे आणि अटक करणारी यंत्रणा सरकारच्याच हाती असते. पण ज्या सरकारला सार्वजनिक पदाच्या शुचितेची इतकी निकड वाटली, त्याने निवडून आलेल्यांना दोषसिद्धीच्या आधीच घरी पाठवण्याचं कलम लिहिताना, नेमलेल्या राज्यपालावर साधा खटलाही चालवता येत नाही, या कलमाला स्पर्श केला नाही. शुचितेचा प्रश्न खरा असता तर सुरुवात तिथून झाली असती.

दुरुस्ती फार मोठी नाही. दुसऱ्या खंडाला एक परंतुक जोडावं: पदग्रहणापूर्वी केलेल्या कृत्याबद्दलची फौजदारी कार्यवाही या खंडामुळे थांबणार नाही, पदावधीत अशी नवी कार्यवाही मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीनेच सुरू होईल. राष्ट्रपतींसाठीही हेच असावं, कारण संविधानाच्या 61व्या अनुच्छेदाखालचा महाभियोग संविधानाच्या उल्लंघनासाठी आहे, पूर्वायुष्यातल्या गुन्ह्याची दाद तिथे मागण्याचा रस्ता दिसत नाही. राज्यांच्या विधानसभांची संमती घ्यावी लागणाऱ्या अनुच्छेदांच्या यादीत 361 नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांत घटनादुरुस्तीसाठी लागणारं दोन तृतीयांश बहुमत पुरेसं आहे. आणि ते जमेपर्यंत एक गोष्ट आजपासून करता येते, तिला कायदा लागत नाही: ज्याच्यावर दोषारोपपत्र दाखल आहे, किंवा ज्याच्या सुटकेविरुद्ध सरकारच्याच यंत्रणेचं अपील प्रलंबित आहे, अशा कुणाचंही नाव राज्यपालपदासाठी राष्ट्रपतींकडे पाठवायचं नाही. विरोधी पक्षांनी हे आश्वासन सत्ताधाऱ्यांकडून संसदेत मागावं, आणि आपण सत्तेवर आल्यास ते पाळू असं त्याच दिवशी, त्याच सभागृहात लेखी द्यावं.